बाहुलीचे भाडे आणि चौथे शील



गेल्या वर्षावासात एका पौर्णिमेला कामशेतला जाणे झाले. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन झाले, सरणत्तय झाले, खीर वाटली गेली. आम्ही दारात चपला शोधत असताना एका बाईंनी गाठले. म्हणाल्या, “तुम्ही पेपरात घरादाराचं लिहिता ना? आमच्या घरात आठ दिवस एका बाहुलीवरून तोंडं फिरलीत. चला, घोटभर चहा घ्या आणि तेवढा तंटा मिटवा.”

घरात लहान मूल नाही आणि तंटा बाहुलीवरून! आम्हाला गंमत वाटली. घरी जाऊन सगळे ऐकल्यावर मात्र गंमत राहिली नाही.

रेल्वेलाईनच्या कडेला दोन खोल्यांचे घर. वडील रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त झालेत. आई लोणावळ्याला बंगल्यांवर स्वयंपाक आणि धुणीभांडी करते, त्यासाठी पहाटे उठून लोकल गाठते. मुलगी चोवीस वर्षांची, टाकव्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. कोपऱ्यात ऐंशीच्या घरातली आजी. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. तुमच्या-आमच्यासारखेच घर.

मुलगी लहान असताना सुट्टीत आईबरोबर बंगल्यावर जात असे. तिथे काचेच्या कपाटात देशोदेशीच्या बाहुल्या मांडलेल्या होत्या. त्यात एक जपानी होती. काळे कापलेले केस, पांढराशुभ्र चेहरा, अंगात फुलाफुलांचा किमोनो. पोरीने काचेला नाक लावले, तर आतून आवाज आला, “हात लावायचा नाही, महागाची आहे.” त्या रात्री आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली शिवून दिली. पोर तिच्याशी खेळली, तिला घेऊन झोपली. पण कपाटातली काही मनातून गेली नाही.

आता पोर कमावती झाली. मोबाईलवर शोधता शोधता तिला तशीच बाहुली सापडली. जपानात हिला ‘इचिमात्सू’ म्हणतात. तिथली एक बाई जुन्या बाहुल्या विकते. किंमत आपल्या पैशात नऊ हजार. पोरीने वर्षभर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले होते, तेवढे जमले होते. पण कुरियरने आणण्याचे भाडे विचारले, तर उत्तर आले अकरा हजार! नवरीपेक्षा वऱ्हाडाचा खर्च मोठा.

इथे वाचकांना भाड्याचा हिशेब सांगणे भाग आहे, कारण आज आपल्या घराघरांत मुले मोबाईलवरून वस्तू मागवतात आणि नंतर कपाळाला हात लावतात. विमानाने माल नेणारे कुरियरवाले नुसते काट्यावरचे वजन धरत नाहीत. विमानात जागा अपुरी असते, म्हणून खोक्याने अडवलेल्या जागेचेही वजन काढतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायची. येणारा आकडा किलोचा. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. ही बाहुली होती जेमतेम दीड किलोची. पण खोके ६० बाय ३० बाय २५ चे. गुणाकार ४५,०००, भागिले ५,०००, म्हणजे ९ किलो. दीड किलोच्या बाहुलीबरोबर साडेसात किलोची हवा विमानात बसणार आणि तिचे तिकीट पोरीने काढायचे!

एवढ्याने भागत नाही. आपल्या देशात सीमाशुल्क मोजताना वस्तूच्या किमतीत तिचे भाडे आणि विमाही धरतात. नऊ हजारांची बाहुली आणि अकरा हजारांचे भाडे असेल, तर कर वीस हजारांवर. म्हणजे भाड्यावरही कर. खेळण्यांच्या आयातीवरील मूळ शुल्क सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ७० टक्के. बाहेरच्या स्वस्त मालापुढे आपल्याकडचे खेळणी बनवणारे कारागीर आणि कामगार टिकावेत, हा त्यामागचा एक हेतू. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारे हातही त्यात आले. व्यक्तिगत पार्सलाला कोणता दर लागतो, तो वेळोवेळी बदलतो. म्हणून मागवण्याआधी पोस्टात चौकशी करावी हे बरे.

पोरीने भाड्याबद्दल कुरकुर केली, तेव्हा त्या जपानी बाईचा निरोप आला. पार्सलावर चिकटवायच्या सीमाशुल्काच्या कागदावर ‘भेटवस्तू’ असे लिहू का? किंमतही नऊ हजारांऐवजी हजारभर दाखवते. पुष्कळ गिऱ्हाइके तसेच सांगतात.

झाले! इथून घरात ठिणगी पडली.

आई म्हणाली, “दर रविवारी पंचशील घेतो ना आपण? मग खोटं लिहायचं नाही. चौथं शील मोडेल, पाप लागेल.”

वडील म्हणाले, “पापाचं राहू दे. सरकारी कागद आहे. सापडलं तर माल जप्त होईल, दंड होईल.”

मुलगी म्हणाली, “सगळं जग तेच करतं. बंगलेवाले काय खरी किंमत लिहून आणतात? आम्हीच तेवढे हरिश्चंद्र! आणि आई, पापाची भीती सोडायची म्हणूनच आपण धम्म घेतला ना? मग हे शील म्हणजे परत देवाची आज्ञाच झाली की!”

हा शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही हातातली बशी खाली ठेवली. पोर हट्टाने बोलत होती, पण प्रश्न खरा होता. आपल्यातली शिकलेली मुले आज हेच विचारतात आणि आपण त्यांना “उलट बोलू नकोस” म्हणून गप्प बसवतो.

आधी व्यवहाराचे सांगून टाकतो. परदेशातून टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंना पूर्वी ठरावीक किमतीपर्यंत शुल्कमाफी होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली. राखी आणि प्राण वाचवणारी औषधे एवढाच अपवाद राहिला. तेव्हा ‘भेटवस्तू’ लिहून लाभ नाहीच. शिवाय हजार रुपये लिहिलेले पार्सल वाटेत हरवले, तर भरपाई हजाराच्या हिशेबानेच मागता येते. पण वाचकहो, आम्ही एवढेच सांगून उठलो असतो, तर ती नुसती सावधगिरी झाली असती. खोटे बोलू नका, कारण त्यात फायदा नाही, हा काही धम्म नव्हे. उद्या फायदा असेल, तर मग बोलायचे का?

घरातल्या तिघांची कारणे बघा. आईला पापाची भीती, वडिलांना दंडाची, मुलीला इतरांच्या मागे राहण्याची. त्या खोट्याने कोणाला काय होईल, हे मात्र तिघांपैकी कोणी विचारले नाही.

विचारले ते कोपऱ्यातल्या आजीने. इतका वेळ ती पानाला चुना लावत ऐकत होती. म्हणाली, “आगं, त्या कागदावर सही कुनाची आसती?”

मुलगी म्हणाली, “पाठवणारीची. त्या जपानी बाईची.”

“मंग खोटं तू बोलनार आन् सही तिची? मी ल्हान व्हते तवा सावकारानं आमच्या बापाला चाळीस रुपये दिले. कागदावर ल्हिलं एकशेचाळीस. बापाला कुठं वाचता येत व्हतं? आंगठा त्याचा आन् खोटं सावकाराचं. गोठ्यातली म्हस गेली, वर तीन वर्सं बाप राबला. दुसऱ्याच्या हातानं खोटं ल्हिवून घ्यायचं, ह्ये आपल्यावं झालंय, बाय. आपुन कुनावं करू नये.”

आजी विनयपिटक शिकलेली नाही. पण बोलली ती धम्माचे वर्म.

पंचशीलाची वाक्ये आपण पाठ म्हणतो, अर्थाकडे लक्ष देत नाही. त्यात ‘असे करू नकोस’ असा हुकूम कोणीही कोणाला दिलेला नाही. प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. दूर राहण्याचा हा पाठ मी स्वतः ग्रहण करतो, असे आपण आपल्या तोंडाने म्हणतो. आज्ञा पाळणाऱ्याला कारण विचारायचे नसते. शिकणाऱ्याला कारण विचारल्यावाचून शिकताच येत नाही. म्हणून पोरीने प्रश्न विचारला, त्याने शील मोडले नाही. उलट तिथून ते सुरू झाले.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले. मंडळाला ते पेलले नाही आणि ते द्यायचे राहिले. पुढे ‘जातिभेद निर्मूलन’ म्हणून आपण ते वाचतो. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला भेद समजावून दिला आहे. नियम माणसाला ठरलेल्या वाटेने चालवतो, तिथे विचाराला जागा नसते. तत्त्व माणसाला पारखण्याचे साधन देते आणि निवडीची जबाबदारी त्याच्यावरच टाकते. नुसत्या नियमांचा धर्म म्हणजे हुकुमांची यादी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये त्यांनी नीतीलाच धम्माच्या केंद्रस्थानी बसवले, इतर धर्मांत जिथे देव असतो तिथे.

आता कोणी म्हणेल, एका बाहुलीच्या पार्सलासाठी बुद्ध आणि बाबासाहेब कशाला? तर सीमाशुल्काचा प्रश्न खुद्द भगवंतांच्या भिक्खुसंघापुढे आलेला आहे. विनयपिटकात न दिलेले घेण्याबद्दलचा जो नियम आहे, त्याच्या विवेचनात जकातनाक्याचे प्रकरण आहे. राजाने डोंगराच्या घाटात, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीत नाका बसवला असेल आणि जकात लागणारा माल भिक्खूने चुकवण्याच्या हेतूने पलीकडे नेला, तर ती चोरीच. मालाची किंमत पाच मासे किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याचे भिक्खूपणच जाते. चीवर आहे म्हणून सूट नाही.

पण तिथेच दुसरे प्रकरण आहे. एका माणसाने नाका पाहून आपले मौल्यवान रत्न एका भिक्खूच्या झोळीत गुपचूप टाकले. भिक्खूला पत्ता नाही, तो नाका ओलांडून गेला. मागाहून कळल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. भगवंतांनी सांगितले की, न जाणणाऱ्याला दोष नाही. कृती तीच, नाका तोच, रत्नही पलीकडे गेलेच. फरक मनातल्या चेतनेचा. नुसत्या आज्ञापालनाच्या धर्माला हा फरक करता येत नाही. नीतीच्या धर्माला तो केल्यावाचून चालत नाही.

आणि घाटातला नाका म्हटल्यावर मावळच्या माणसाने आपल्या दाराकडे पाहावे. बोरघाटाची ही वाट दोन हजार वर्षांपासून व्यापाराची आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच वाटेवर आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवनही आहेत. ज्या व्यापाऱ्यांनी नाक्यानाक्यावर जकाती भरत माल वाहिला, त्यांच्याच दानातून ही लेणी कोरली गेली. आज घाटाखाली खालापूरला आणि इकडे उर्शाला टोल आहे. वाट तीच, नाके बदलले.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, आम्ही सरकारचा नियम पाळा एवढेच सांगतो आहोत. तसे नाही. पाळणे आणि नीती या दोन गोष्टी नेहमी एका बाजूला नसतात. याचीही साक्ष परदेशी बाहुल्यांचीच आहे, आणि तीही जपानची.

१९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानच्या मुलांना १२ हजारांहून जास्त बाहुल्या मैत्रीची भेट म्हणून पाठवल्या. तेव्हा अमेरिकेने जपानी लोकांना आपल्या देशात येऊन वसायला बंदी केली होती, मनात कटुता होती. सिडनी ग्युलिक या पूर्वी जपानात राहिलेल्या मिशनऱ्याने पुढाकार घेतला. मुलांनी पैसे जमवले, बाहुल्यांचे कपडे शिवले. प्रत्येक बाहुलीला आगगाडीचे आणि बोटीचे तिकीट, पासपोर्ट आणि एक पत्र दिले. बाहुलीचे भाडे मुलांनी आनंदाने भरले. ३ मार्च १९२७ रोजी, जपानच्या बाहुल्यांच्या सणाच्या दिवशी, टोकियोत त्यांचे स्वागत झाले आणि त्या शाळाशाळांत गेल्या. जपाननेही उलट ५८ बाहुल्या पाठवल्या, त्या या पोरीला हव्या होत्या तशाच किमोनोतल्या.

पुढे १९४१ साली दोन्ही देशांत युद्ध पेटले. १९४३ च्या सुमारास फर्मान निघाले की, शत्रूच्या बाहुल्या नष्ट करा. सम्राटाला देव मानणारे ते राज्य. त्याचा शब्द म्हणजे धर्माज्ञाच. मुलांच्या देखत बाहुल्या जाळल्या, बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या. बौद्ध म्हणवणारे तिथले पुष्कळ मठही त्या युद्धाला साथ देत होते, हे आपण लपवू नये. नुसते बौद्ध नाव लावल्याने नीती येत नाही. पण काही शिक्षकांना ते पटेना. बाहुलीने कोणाचे काय केले? त्यांनी जीव मुठीत धरून बाहुल्या लपवल्या. युद्धानंतर त्या एकेक करून बाहेर आल्या. आज तीनशेहून अधिक शिल्लक आहेत. ज्यांनी आज्ञा मोडली, त्यांच्यामुळे त्या आहेत.

आणि १९२७ हे साल आपल्याला वेगळे सांगायला नको. टोकियोत बाहुल्यांचे स्वागत झाले, त्याच मार्च महिन्याच्या २० तारखेला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी पिऊ नका ही धर्माची आज्ञा होती. ती पाळणारे आपले पूर्वज अनीतिमान नव्हते, दबलेले होते. पण ती लादणारे स्वतःला धार्मिक म्हणवत होते. तिथे आज्ञा मोडणे हीच नीती ठरली.

मग कुठे मोडायची आणि कुठे पाळायची? हा प्रश्न मुलीनेच आम्हाला केला. आम्ही म्हटले, आजीने विचारले तेच दर वेळी विचारायचे. याचा भार कोणावर पडतो? महाडला आज्ञा मोडली, तेव्हा तिचा भार मोडणाऱ्यांनी आपल्या अंगावर घेतला, लाठ्या खाल्ल्या आणि उघड सांगितले की, होय, मोडतो. बाहुल्या लपवणाऱ्या शिक्षकांनीही धोका आपल्या शिरावर घेतला. आणि पार्सलावर खोटी किंमत लिहून घेणारा? तो भार दुसऱ्याच्या सहीवर टाकतो, आणि वाचलेले पैसे आपल्या खिशात घालतो. कर जास्त वाटतो, तर तसे उघड म्हणावे, अर्ज करावा, वर्तमानपत्रात लिहावे. तो आपला हक्क आहे. पण चोरून केलेल्या बचतीला सत्याग्रहाचे नाव देऊ नये.

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिच्या पॅकिंग खात्यातल्या डोक्याने काम सुरू केले. तिने मोबाईलवरच त्या बाईला लिहिले. खरी किंमत लिहा. पण बाहुलीबरोबरची काचेची पेटी नको. बाहुलीला मऊ कागदात घट्ट गुंडाळा आणि लहान खोके घ्या, ४५ बाय २५ बाय २० चे. हिशेब करा, २२,५०० भागिले ५,०००, म्हणजे साडेचार किलो. निम्मी हवा उतरली! त्यातही कुरियर सोडून टपालाने पाठवायचे ठरले, कारण तिथे काट्यावरचे वजन धरत होते. अकराचे भाडे पाचाच्या आत आले. भाडे उतरले तसा भाड्यावरचा करही उतरला. खोटे न लिहिता जेवढे वाचवता येते, तेवढे आधी कोणी शोधतच नाही.

तरीही कराचे पैसे कमी पडत होते. आई म्हणाली, “मी घालते.” मुलगी नको म्हणाली. दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबली. जपानी बाईने बाहुली तिच्या नावाने ठेवून दिली. खरी किंमत लिहायला सांगणारे गिऱ्हाईक कमी भेटतात, असेही तिने कळवले.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. बाहुली आली होती. पोस्टमनने दारात कराची पावती दिली, ती मुलीने जपून ठेवली आहे. आम्हाला वाटले होते, बाहुली कपाटात उंच ठेवलेली असेल. पाहतो तर ओट्यावर शेजारच्या दोन पोरी तिचे केस विंचरत बसल्या होत्या. आमच्या तोंडून निघून गेले, “अगं, एवढ्या महागाची, खराब होईल ना!”

मुलगी हसली. म्हणाली, “होऊ दे. माझ्या घरात ‘हात लावू नको’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. पेटी म्हणूनच नको म्हटलं होतं.”

आजी कोपऱ्यातून म्हणाली, “हात तेवढे धुवून या गं, पोरींनो.” एवढा एकच नियम त्या घरात होता, आणि त्याचे कारण त्या पोरींनाही ठाऊक होते.

आपल्या घरातही असा एखादा तंटा झाला असेल, तर जरूर लिहून कळवा. मुलांनी “का?” विचारले, तर त्यांना गप्प करू नका. सोबत बसून कारण शोधा.

जय भीम! नमो बुद्धाय!